शीरा पेणकरची तिसरी तबकडी

पेणमध्ये शीरा पेणकरशी भांडायला कोणी नव्हतं, आणि तिची खरी अडचण तीच होती.

वय छत्तीस, लग्न केलेलं नाही, रोह्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल जोडणारी ट्रंक ऑपरेटर. घरात एक म्हातारी आई, साराबाई. आळीतली बाकीची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं एकेक करून इस्राएलला निघून गेली होती. मशिदीत, म्हणजे त्यांच्या प्रार्थनाघरात, सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष सणालासुद्धा जमत नसत. या सगळ्याची शीराला सवय झाली होती. सवय होत नव्हती ती एकाच गोष्टीची. ‘ग्रे हेरन’ या विलायती बँडबद्दल तिची ठाम मतं होती, आणि ती खोडून काढणारा माणूस पेण-रोह्यात एकही नव्हता.

या बँडचा नाद तिला लावला तो थोरल्या भावानं, एलियाहनं. तो मुंबईच्या गोदीत इलेक्ट्रिशियन होता. बोटीवरच्या खलाशांकडून रेकॉर्डी घ्यायचा आणि शनिवार-रविवार पेणला आला की दोघं बहीण-भाऊ प्लेयरपुढे मांडी घालून बसायची. एकेक गाणं अख्खी बाजूभर चालणारं. सात मात्रांचा ताल, पण सम कुठे येईल याचा भरवसा नाही. मध्येच बासरी, मध्येच चर्चमधला ऑर्गन. रेकॉर्डच्या वेष्टनावर करडा बगळा होता म्हणून साराबाई म्हणायची, “लागले का तुमचे बगळे वरडायला?”

एकोणऐंशी साली एलियाह बायकोला घेऊन इस्राएलला, रमात गानला गेला. प्लेयर आणि रेकॉर्डी शीराकडे राहिल्या. पत्र लिहिण्याचा दोघांनाही कंटाळा. मग कॅसेटी सुरू झाल्या. एका बाजूला घरची खबरबात आणि दुसऱ्या बाजूला बगळेवाले. अकरा-बारा वर्षं हे भांडण टपालानं चाललं होतं.

शीराची मतं अशी होती. पहिली तबकडी पोरकट, पण प्रामाणिक; नवशिक्या सुतारानं केलेल्या स्टुलासारखी, डुगडुगते पण बसता येतं. दुसरी लोक उगाच डोक्यावर घेतात. त्या बासरीवाल्याला कोणीतरी वेळेवर आवरायला हवं होतं. चौथीत हुशारी फार आणि जीव कमी. पाचवी पोटापाण्यासाठी केलेली, तिच्याबद्दल बोलू नये. आणि तिसरी, ‘विंटर वॉटर’, तिच्यापुढे बाकी सगळं पाणी कम. तिसरीच्या दुसऱ्या बाजूला मध्यावर सगळी वाद्यं थांबतात. ऐकणाऱ्याला वाटतं, वीज गेली. मग हेडफोनच्या डाव्या कानात ऑर्गनचा एक सूर येतो, कोणी ओटीवर येऊन उभं राहावं तसा, आणि हळूहळू डोक्यातून चालत उजव्या कानाकडे जातो. घाई म्हणून नाही.

“ते प्रवचन आहे,” एलियाह कॅसेटवर म्हणायचा. “चौथी ऐक. चौथीत प्रत्येक दार उघडल्यावर पुढे नवं दार आहे. तुझी तिसरी नुसती पाण्याकडे बघत बसते. तुझ्यासारखीच.”

हे शेवटचं वाक्य बँडबद्दलचं नाही हे शीराला कळायचं. तिकडे ये, असं तो थेट कधी म्हणत नसे. तीही थेट ‘नाही’ म्हणत नसे. ती पुढच्या कॅसेटवर चौथीतल्या ढोलवाल्याच्या चुका दाखवायची.

नव्वदच्या डिसेंबरात सहावी आली. दहा वर्षांनी बँड पुन्हा एकत्र आला होता. तिकडून पेणला पाहुण्या आलेल्या एका बाईबरोबर एलियाहनं ती पाठवली आणि सोबतच्या कॅसेटवर सांगितलं, “मला आवडली. तुझं मत सांग, आणि खरं सांग.”

शीरानं ती तीनदा ऐकली. ढोलवाला सोडून गेला होता, त्याच्या जागी यंत्र बडवलेलं. सगळी गाणी कापून आखूड केलेली, न्हाव्यानं एकाच वाटीनं सगळ्या पोरांचे केस कापावेत तशी. तिचा पारा चढला. तिनं कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून मत दिलं. यांनी दुकान कधीच बंद करायला हवं होतं, असं म्हणाली, आणि शेवटी म्हणाली, “हे तुला आवडलं असेल तर दादा, तुझे कान गेले.” जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पार्सल टाकून मोकळी झाली.

अठरा जानेवारीला, शुक्रवारी सकाळी, चहा उकळत असताना तिनं रेडिओ लावला. आखातात लढाई पेटल्याला एक दिवस झाला होता. बातमीदाराच्या आवाजात काही फरक नव्हता. पहाटे इराकची क्षेपणास्त्रं इस्राएलच्या शहरांवर पडली, तेल अवीव आणि आसपास, असं त्यानं सांगितलं आणि तो पुढच्या बातमीकडे गेला. शीरानं रेडिओ बंद केला. आई मागच्या दारी तोंड धूत होती. तिनं ऐकलं नसावं, असं शीरा धरून चालली. रमात गान तेल अवीवला किती लागून आहे ते तिला माहीत होतं. एलियाहनंच सांगितलं होतं, रस्ता ओलांडला की गाव बदलतं.

रोह्याच्या एसटीत धाटावच्या कंपन्यांचे कामगार होते. नागोठणं मागे पडेपर्यंत सगळ्या गाडीला लढाईच पुरली. तेल महागणार, कोण म्हणे रेशनवर रॉकेल मिळणार नाय. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, “इस्राएलवर टाकला ते बरं झालं. लय माजले होते.” दोघे-तिघे हसले. शीरानं खिडकीकडे तोंड केलं. तिच्याच गाडीतला रोजचा माणूस, तिला ओळखणारा. तिचं माणूस तिकडे आहे हे त्याच्या डोक्यात आलं नसणार.  रोह्याला उतरेपर्यंत पर्सचा पट्टा तिनं एवढा पिळला होता की शिवण उसवली.

एक्स्चेंजमध्ये शिरताच तिनं पहिलं काम केलं ते स्वतःचा कॉल बुक करण्याचं. सुपरवायझर गुणाजी म्हात्रे यांनी मान हलवली. ट्रंक बोर्डापुढे बसून तिनं हेडसेट चढवला, कॉर्ड लावली आणि मुंबई मागितली. परदेशच्या कॉलसाठी मुंबईला चंद्रावती नावाची ऑपरेटर होती. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र रोजचे.

“मुंबई, रोहा बोलतेय. इस्राएल, रमात गान. अर्जंट. पार्टी माझीच आहे, चंद्रावती.”

पलीकडे क्षणभर खरखर. “थेट नाय लागत गो तिकडं. लंडनवरून बघते. नंबर सांग.”

नंबर देऊन होतो न होतो तोच काउंटरवर हुसेनमियाँ आले. रोह्याच्या मोहल्ल्यातले नारळाचे व्यापारी. त्यांचा मुलगा सौदीत, दम्मामला कंपनीत होता. तिथेही क्षेपणास्त्र सोडल्याची बातमी होती. त्यांचा कॉल शीराच्या खाली बुक झाला. म्हातारा भिंतीजवळच्या बाकावर बसला. दुपारी नमाजाला उठला आणि परत येऊन त्याच जागी बसला.

दिवसभर शीरानं दुसऱ्यांचे कॉल जोडले. धाटावची कंपनी ठाण्याला, कोलाडचा वखारवाला पनवेलला. “बोला, पार्टी लाइनवर आहे.” हे वाक्य तिच्या तोंडून आपोआप निघत होतं. मध्ये रिकामा वेळ मिळाला की ती चंद्रावतीला विचारायची, आणि चंद्रावती म्हणायची, “नाय गो. लंडनच घेत नाय.” दम्मामचंही तेच. संध्याकाळी पाळी संपली तेव्हा दोन्ही कॉल तसेच पडून होते. हुसेनमियाँ उठताना म्हणाले, “तुमचं पण हाय ना कोणी तिकडं, बाई?”

“भाऊ.”

त्यांनी टोपी नीट केली आणि ते निघाले. त्यांचा मुलगा एका बाजूला, तिचा भाऊ दुसऱ्या बाजूला, आणि दोघांवर येणारा गोळा एकाच ठिकाणाहून सुटलेला. 

घरी आईनं शब्बाथचे, शनिवारच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावले होते. जेवण वाढून झाल्यावर साराबाई म्हणाली, “सकाळी रेडिओ का बंद केलास?”

“काय असं नाय. सेल उतरलेत.”

“शेजारच्या विमलबाईच्या टीव्हीवर दाखवलं,” आई म्हणाली. “काचा फुटलेल्या. माणसं तोंडाला काहीतरी बांधून बसलेली.” तिचा आवाज सरळ होता. “मी एलियाहू हन्नाबीला मलिदा बोललेय. त्याच्याच नावाचा आहे माझा पोर, तो सांभाळील.”

हा त्यांच्या समाजातला जुना नवस. संकट टळलं की संदेष्टा एलियाहूच्या नावानं गोड पोह्यांचा मलिदा करायचा. शीरानं आमटी आईकडे सरकवली. मग म्हणाली, “उद्या मी ड्यूटीवर जातेय.”

शनिवारी ती कधीच कामावर जात नसे. नोकरी लागली तेव्हापासून रविवार भरून शनिवार मोकळा घेत आली होती. साराबाईनं भाताचा घास खाली ठेवला.

“शब्बाथला? नवस बोललेय मी, आणि तू दिवस मोडणार?”

“कॉल मी नसताना आला तर? पेणला आपल्याकडे फोन कुठे आहे, आई? तुझ्या नवसाला कोण जोडून देणार मुंबई?”

हे फार झालं, हे तिला बोलता बोलताच कळलं. आई ताटावरून उठली. रात्री दोघी एकाच खोलीत पडल्या, आणि दोघीही जाग्या आहेत हे दोघींना माहीत होतं.

शनिवारी सकाळी आणखी क्षेपणास्त्रं पडल्याची बातमी आली. शीरा बोर्डावर बसली तेव्हा हुसेनमियाँ बाकावर आधीच हजर होते. अकराच्या सुमारास मुंबईचा दिवा लागला.

“रोहा,” चंद्रावती घाईत होती. “एक लाइन मोकळी झालेय, जास्त वेळ नाय मिळणार. लंडन पण हो म्हणतोय, दम्माम पण हो म्हणतंय. तुझ्या दोन डिमांड हायत माझ्याकडं. रमात गान वर हाय. जोडू?”

गुणाजी म्हात्रे मागे उभे होते. त्यांनी ऐकलं नव्हतं, पण तिच्या पाठीवरून ओळखलं. “शीराबाई, तुमचा नंबर आधी आहे. घ्या.”

तिची बोटं कॉर्डवर होती. काउंटरच्या जाळीतून म्हातारा तिच्याकडेच बघत होता. मागत काही नव्हता, नुसता बघत होता. त्या क्षणी शीराला एक गोष्ट लख्ख कळली. जोवर कॉल लागलेला नाही तोवर एलियाह जिवंत आहे. लागला, आणि कोणा परक्यानं उचलला, की मग काही हातात राहणार नाही.

“दम्माम दे,” ती म्हणाली.

“काय?”

“दम्माम दे, चंद्रावती. लवकर.”

हुसेनमियाँ बूथमध्ये शिरले. लाइन नीट लागली आहे ना हे बघायला शीराला दोन शब्द ऐकावे लागले. “अब्बा, मी हाय, मी बरा हाय,” एवढं ऐकून तिनं कळ वर करून ऐकणं बंद केलं. बूथच्या काचेतून म्हातारा पाठमोरा दिसत होता. एक हात भिंतीला टेकलेला.

बाहेर आल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं असावं. ते काउंटरशी आले. “बाई, तुमचा आधी होता?”

“लंडनची लाइन कच्ची होती,” शीरा म्हणाली.

लोक नंतर म्हणाले, बाईचं मन मोठं. शीराला ते ऐकवत नसे. आपण भ्यालो होतो हे तिला माहीत होतं. त्यातून लाइन गेली ती गेलीच. बारा वाजले, एक वाजला, मुंबई म्हणे थांब. म्हात्रे चिडले. “दुसऱ्याची पोरं सांभाळा, आपलं माणूस ठेवा लोंबकळत.” तिनं डबा उघडला नाही. हातानं कॉल जोडत राहिली, आणि दर कॉलनंतर मुंबईच्या दिव्याकडे बघायची. हुसेनमियाँ घरी गेले नव्हते. त्यांचं काम झालं होतं, तरी बाकावर बसून होते.

तीननंतर केव्हातरी मुंबईचा दिवा लागला.

“रोहा, बोल, पार्टी लाइनवर आहे,” चंद्रावती म्हणाली. हे वाक्य शीराला कोणी म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

पलीकडे बाईचा आवाज, हिब्रूत. मग वहिनीच निघाली. “शीरा? थांब हं. थांब, देते.” आणि नुसतं थांबणं. पाठीमागे भांड्यांचा आवाज, कोणीतरी खुर्ची सरकवली.

“दादा?”

“मोठ्यानं बोल गो. नाय, थांब. कान बदलतो.”

शीरानं हेडसेट कानाशी दाबून धरला.

“हां, आता बोल,” एलियाह म्हणाला. “आई बरी आहे?”

“तुला काय झालंय?”

“पुढच्या गल्लीत पडला एक. भोंगा झाला तेव्हा मी जिन्यात होतो. काचेचं दार आलं अंगावर. टाके पडलेत, ते काय नाय. उजव्या कानात आवाज नाय. पडदा फाटलाय म्हणतात. भरला तर भरला.” मग म्हणाला, “तुझी कॅसेट अजून नाय आली.”

“ती ऐकू नको.”

“म्हणजे शिव्या घातल्यास.”

“दादा, ती आली की फेकून दे. मी सांगते म्हणून.”

“सहावी नाय आवडली?”

“नाय.”

“अजिबात?”

खोटं बोलावं, असं तिच्या मनात आलं. दोन दिवस ज्याच्या मरणाच्या बातमीची धास्ती घेतली त्याला एक तबकडी आवडली म्हणून सांगायला काय जातं? पण पलीकडे तो तिच्या मताची वाट बघत होता, कॅसेटवर बघायचा तशीच.

“दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सोडलं तर भिकार आहे,” ती म्हणाली. “यंत्र बडवलंय नुसतं.”

एलियाह हसला. हसताना टाके दुखले असावेत, मध्येच कळवळला. “आणि आता तुझी ती तिसरी मला अर्धीच कळणार. ऑर्गन डावीकडून निघेल आणि जाईल कुठंतरी.”

“मी सोळा वर्षं एका कानानं ऐकतेय,” शीरा म्हणाली. “हेडसेट एकाच बाजूला असतो आमचा. नोकरीच एका कानाची. काय कमी नाय पडत.”

तीन मिनिटं झाली की मुंबईनं मध्ये बोलायचं असतं. त्या दिवशी चंद्रावती बोलली नाही. लाइन आपोआप तुटली तेव्हा तिनं हळूच विचारलं, “भाऊ ना गो? बरा हाय?” आणि मग, “ती सहावी म्हणजे काय?”  हेडसेट काढून शीरा बाहेर ओटीवर जाऊन उभी राहिली. हुसेनमियाँ तिच्याकडे बघून उठले, काही न विचारता मान हलवली आणि घराकडे चालू लागले.

पेणला पोचली तेव्हा तारे दिसायला लागले होते, शब्बाथ सरला होता. साराबाई दारातच होती.

“जिवंत आहे. बोलला माझ्याशी. उजव्या कानानं ऐकू येत नाय, बाकी बरा आहे.”

साराबाई उंबऱ्यावर बसली. बोटांनी पदराचं टोक चाचपत राहिली. मग म्हणाली, “तो डाव्या कुशीवर झोपतो.”

“म्हणजे?”

“लहानपणापासून डाव्या कुशीवर झोपतो. चांगला कान उशीत गेला की रात्री भोंगा कसा ऐकायचा त्यानं?”

 हे शीराच्या डोक्यातही आलं नव्हतं. लढाई कुठे संपली होती? रोज कुठून ना कुठून बातमी येतच होती. सोमवारी तिनं पुन्हा कॉल बुक केला. तो लागायला आठवडा गेला. त्या आठवड्यात रोज सकाळी रेडिओ दोघींनी एकत्र ऐकला, कोणी बंद केला नाही. शेवटी लाइन मिळाली तेव्हा वहिनीच भेटली. शीरानं ओरडून सांगितलं, “त्याला उजव्या कुशीवर झोपव. आईनं सांगितलंय.” वहिनी म्हणाली, त्या रात्रीपासून मीच जागते, तू आईला सांग.

फेब्रुवारी सरता सरता लढाई थांबली. मार्चमध्ये साराबाईनं मलिदा केला. पोहे भिजवले, गूळ-वेलची घातली. मलिद्याला ओलं खोबरं लागतं हे ऐकून रोह्याहून हुसेनमियाँनी नारळाचं पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवलं होतं. नवसापुरतं लागतं त्याच्या कितीतरी पट. आळीत उरलेली चार-पाच माणसं जमली, विमलबाई आली, आणि प्रार्थना म्हणायला दहा पुरुष नव्हते ते त्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. शीरानं वाटीभर मलिदा डब्यात घालून म्हात्रे साहेबांना नेला. चंद्रावतीला कसा पाठवायचा ते मात्र तिला सुचलं नाही.

शीराची कॅसेट एलियाहला एप्रिलमध्ये मिळाली. त्यानं ती फेकली नाही. उत्तरात म्हणाला, “तुझे कान गेले म्हणालीस ते ऐकून तुझ्या वहिनीनं टेप बंद केला. मी पुन्हा लावला. निम्मं बरोबर आहे तुझं, एकच गेलाय.” त्याचा पडदा भरला नाही. सहावी मात्र त्यानं सोडली नाही. आता एका कानाला ती आणखी बरी वाटते, असं म्हणून त्यानं सहावीच्या बाजूनं नव्यानं मुद्दे काढले, आणि शीराच्या मते ते टिकायला फार कच्चे होते.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात तो पेणला येऊन गेला. दोघं प्लेयरपुढे बसली, तो सरकून तिच्या उजव्या हाताला, म्हणजे चांगला कान तिच्याकडे येईल असा. चौथीवरून एवढं वाजलं की विमलबाई कुंपणापाशी येऊन बघून गेली. निघायच्या आदल्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच थेट विचारलं, “येतेस तिकडे? आईलाही घेऊन?”

“नाय,” शीराही पहिल्यांदाच थेट म्हणाली.

“का?”

“इथं बरं आहे मला, दादा.”

त्यानं पुन्हा विचारलं नाही. साराबाईनं आतून हाक मारली, “जेवायला या, निवतंय,” आणि दोघं उठली.